कुत्र्याला क्लास लावायचा असेल तर आधी हे वाचा

आमच्या ताराला ट्रेनर लावलाय हे कळल्यापासून मला फोन यायला लागलेत, आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतूनच नव्हे तर अनगोळहून, वडगावहून, जाऊबाईंच्या खानापूरच्या माहेरून सुद्धा, आणि सगळ्यांचं विचारणं साधारण तेच, ट्रेनर कसा आहे, किती घेतो, मारतो का, आणि शेवटी हमखास एक, "महिनाभर ठेवून घेतो का ओ? आमाला वेळ नाही, शिकवूनच परत द्यायला सांगा की." या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे, कुत्र्याला कुठंतरी सोडून शिकवून आणायच्या भानगडीत पडू नका. ट्रेनर चांगला असला तरी नको, आणि वाईट असला तर अजिबातच नको.

निपाणीला माझा मावसभाऊ असतो, त्याच्याकडे रॉकी म्हणून जर्मन शेफर्ड आहे. लहान होता तोवर सगळ्यांचा लाडका, वर्षाचा झाला तसा आवरेना, दूधवाला गेटवर आला की अंगावर उडी, फिरायला नेलं की साखळी ओढायचा, वहिनीला एकदा रस्त्यात पाडलंच त्याने. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याला लांबच्या एका ट्रेनिंग सेंटरला ठेवला. मध्ये भेटायला यायचं नाही, कुत्रं डिस्टर्ब होतंय, असं आधीच सांगितलेलं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ यायचे, रॉकी बसलाय, रॉकी आडवा पडलाय, रॉकी ट्रेनरच्या गुडघ्याला खांदा लावून चालतोय, बघून घरातले सगळे खूश. परत आणला त्या दिवशी ट्रेनर सोबत आलेला, अंगणात सगळं करून दाखवलं, एक नंबर. ट्रेनरची गाडी गेली, भाऊ म्हणाला "सिट", तर रॉकी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत उभा.

ते एक ठीक आहे, पण मला लागलं ते वेगळंच. आम्ही त्या रविवारी भेटायला गेलेलो, भाच्याने दोरीवरचा टॉवेल ओढायला हात वर केला तर एवढं मोठं कुत्रं जमिनीला पोट लावून बसलं आणि खाली ओलं झालं. मी जवळ जाऊन गळ्याला हात लावला, पट्ट्याच्या जागेवरचे केस गेलेले, कातडी बोटाला टणक लागत होती. सेंटरवाल्यांना फोन केला तर म्हणतात, डिसिप्लिन आलंय, घाबरतंय म्हणजे ऐकतंय. भाऊ काही बोलला नाही, पण त्यानंतर महिने गेले रॉकीला परत माणसात यायला, आणि दूधवाल्यावर उडी मारणं बंद झालं खरं पण आता तो दूधवाल्याला बघून गुरगुरतो, जे आधी कधी करत नव्हता.

आता यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला पाहिजेत. मारलं हा एक भाग, त्याच्यावर पुढे लिहिते. पण समजा मारलं नसतं, अगदी प्रेमाने शिकवलं असतं, तरी रॉकीने घरी येऊन भावाचं ऐकलं असतं का? बहुतेक नाही. कारण कुत्रं एखादी गोष्ट शिकतं ती जागेसकट आणि माणसासकट शिकतं. हॉलमधल्या फरशीवर "बस" शिकलेलं कुत्रं भाजी मार्केटात "बस" म्हटल्यावर बघत राहतं, ते हट्ट करत नसतंय, त्याला ते खरंच नवीन वाटत असतंय. दरवेळी जागा बदलली, माणूस बदलला की परत थोडं मागून सुरू करावं लागतं, दुसऱ्यांदा लवकर येतं, तिसऱ्यांदा अजून लवकर, पण करावं लागतं. आणि ज्या घरात ते राहणार, ज्या गेटवर दूधवाला येणार, ज्या वहिनीच्या हातात दोरी असणार, तिथंच जर शिकवलं नाही तर त्या महिनाभराच्या पैशात तुम्ही काय विकत घेतलं? ट्रेनरचं ऐकणारं कुत्रं. ट्रेनर तर तुमच्या घरी राहत नाही.

आमची तारा मुधोळ जातीची आहे, बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळकडच्या एका पाळणाऱ्या कुटुंबाकडून आणलेली. आपल्याकडे याच कुत्र्याला कारवान पण म्हणतात, धनगरांच्या वस्तीवर, रानात राखणीला बघितलं असेल तुम्ही, उंच, पोट आत गेलेलं, लांब तोंड. मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, पंचम जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिलेली, २००५ साली पोस्टाने भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं, आणि २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला आर्मीच्या आरव्हीसी, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या दलाच्या, सेंटरला ट्रेनिंगसाठी गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं असताना आपल्याच भागातले लोक मला सांगतात, मुधोळ काय शिकत नाही ओ, रानटी कुत्रं ते, लॅब घ्यायचं होतं. मला याचा फार राग येतो. शिकतं, फक्त लॅबसारखं शिकत नाही.

लॅब्राडोर ही जात माणसासोबत काम करायला तयार झाली, माणसाने मारलेला पक्षी शोधून आणून हातात द्यायचा, त्यामुळे ते सारखं तुमच्या तोंडाकडे बघतं, आणि खायला दिलं की जीव देतं. मुधोळ हे नजरेने शिकार करणारं कुत्रं, लांबवर काहीतरी पळताना दिसलं की ठरवायचं आणि सुटायचं, मागे मालकाला विचारायला थांबलं तर ससा गेला. शेकडो वर्षं त्याला जे करायला ठेवलं तेच त्याच्या अंगात आहे. मग अशा कुत्र्याला "हील" म्हणून पायाला चिकटून परेड करायला लावायची आणि नाही केली तर साखळीचा हिसका, हे दोघांनाही त्रासाचं. त्याला अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला पण आवडत नाही, ते लांबच उभं राहतं. म्हणजे अनोळखी माणसाकडे महिनाभर ठेवायचं तर या जातीला तर मुळीच नको.

आमचे ट्रेनर म्हणजे आर्मीतून रिटायर झालेले, आरव्हीसीत कुत्र्यांचे हँडलर होते, उचगाव बाजूच्या एका गावातले. गावात सगळे त्यांना फौजी म्हणतात म्हणून आम्ही फौजीकाका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्याने आपल्या भागात फौजी माणसं खूप, घराघरात एक तरी, त्यामुळे आर्मीवाला म्हटलं की लोकांना वाटतं कडक असणार, आवाज चढवणार. उलट आहे. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, ठेवून घेता का, तर म्हणाले, "आर्मीत सुद्धा कुत्रं एकटं शिकत नाही ओ ताई, हँडलर पण सोबत शिकतोय, जोडीच तयार होती. हँडलर बदलला की परत पहिल्यापासनं जमवायला लागतंय. आधी तुमी शिका, कुत्रं शिकतंय मागनं."

आणि खरंच पहिल्या दिवशी त्यांनी ताराला हात सुद्धा लावला नाही. गच्चीवर खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, तिच्याकडे बघितलं पण नाही. ती आधी कोपऱ्यात, मग हळूहळू मागून येऊन त्यांच्या चपलेचा वास घेतला, तरी यांनी मान वळवली नाही. त्या वेळात आमच्याकडून काय करून घेतलं तर, उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे करून वाटीत ठेवायचे, तारा आपणहून आमच्याकडे बघेल तेव्हा जिभेने टॉक असा आवाज काढायचा आणि लगेच तुकडा द्यायचा. बस एवढंच. बोलवायचं नाही, हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. मिस्टरांना ते जमेना, त्यांचा आवाज आधी आणि ती बघणार नंतर, काकांनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेऊन त्यांना आधी नुसताच सराव करायला लावला, काका बॉल उडवणार आणि बॉल जमिनीला लागला की मिस्टरांनी टॉक करायचं. ऐकायला विचित्र वाटतं पण सगळी ट्रेनिंग या टायमिंगवर आहे. कुत्र्याने बरोबर केलं आणि तुम्ही चार सेकंदांनी शाब्बास म्हणालात तर त्या चार सेकंदांत ते उठलेलं असतं, वळलेलं असतं, त्याला वाटतं वळल्याबद्दल मिळालं. आवाज त्या क्षणाला पकडून ठेवतो, खाऊ मग एक सेकंद उशिरा आला तरी चालतो.

दोरीवर चालणं हे सगळ्यात अवघड गेलं, आणि मला वाटतं सगळ्यांना तेच जातं. आधी पट्टा बदलायला लावला. मुधोळचं डोकं अरुंद आणि मान जाड, साधा पट्टा मागून ओढला की डोक्यावरून सरळ निघून येतो आणि कुत्रं रस्त्यावर मोकळं. त्यासाठी मार्टिंगेल कॉलर मिळतो, ओढल्यावर थोडाच आवळतो आणि एका मापाला थांबतो, गळा दाबत नाही. चोक चेन तशी थांबत नाही, आवळतच जाते, घशाला इजा होते आणि गळ्यावर दाब आला की डोळ्यातला दाब पण वाढतो. मग नियम एकच, दोरी ताणली की आपण झाड झाल्यासारखं थांबायचं. ओढायचं नाही, बोलायचं नाही, उभं राहायचं. ती वळून बघेल, दोरी सैल होईल, टॉक, खाऊ, पुढं चला. आमच्या घरापासून दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जायला सुरुवातीला इतका वेळ लागायचा की शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "काय ओ, गाडी बंद पडली काय?" पण थांबायचं म्हणजे थांबायचं, कारण एकदा जरी ओढून पुढे जायला मिळालं तर ती शिकणार की जोरात ओढलं की जमतंय, आणि मग पुढच्या वेळी अजून जोरात ओढणार.

आता गेट पडलेलं असलं की ती माझ्या शेजारी बसते. हे मला दाखवावंसं वाटतं लोकांना. गेटवर टू व्हीलरची गर्दी, रिक्षा, मागून बसचा हॉर्न, लांबून रेल्वेची शिट्टी आली की तिचे दुमडलेले कान आधी उठतात, मग अंग ताठ होतं, आणि त्याच वेळी ती एकदा माझ्याकडे बघते. ते बघणं आलं की मी टॉक करते. गाडी धडधडत जाते, ती बसलेली असते, शेपटी खाली पण पोटाखाली घातलेली नाही. सुरुवातीला आम्ही हे गेटवर केलंच नाही, गल्लीच्या तोंडाशी जिथून शिट्टी जेमतेम ऐकू येते तिथून सुरू केलं आणि थोडं थोडं जवळ गेलो. काका म्हणतात, अंतर, वेळ आणि गडबड, या तिन्हीतलं एका वेळी एकच वाढवायचं. जवळ गेलात तर कमी वेळ बसवा, जास्त वेळ बसवायचं असेल तर लांब थांबा.

भाषेचा प्रश्न आमच्या घरात होताच, आणि बेळगावात कुणाच्या घरात नसणार. मुलगा शाळेतून आलेला, तो "सिट" म्हणणार, सासूबाई "बस", कामाला येतात त्या मावशी कानडीत "कुंद्रु", आणि मिस्टर तर कधी काय म्हणतील सांगता येत नाही. मला वाटलं आता सगळ्यांना एक शब्द पाठ करायला लावणार, पण काका म्हणाले तोंडाने काय म्हणायचं ते म्हणा, हात सगळ्यांचा एकसारखा पाहिजे. कुत्रं शब्दापेक्षा हाताकडे जास्त लक्ष देतं, म्हणून तळवा वर करून उचलला की बसायचं, तळवा समोर धरला की थांबायचं, हे मावशींसकट सगळ्यांना शिकवलं. आता मावशी अंगण झाडताना नुसता तळवा दाखवतात आणि तारा पायरीवर थांबते, केर गोळा होईपर्यंत.

सासूबाईंचं मात्र लिहायलाच पाहिजे. त्यांचा आधी याला सक्त विरोध, कुत्र्याला मास्तर कशाला, आमच्या यळ्ळूरच्या घरी चार चार कुत्री होती शेतावर, कुणी शिकवली? त्यात तथ्य आहे, शेतावरच्या कुत्र्याला दोरी नसते, गेट नसतं, लिफ्ट नसते, ते दिवसभर माणसांच्या मागे फिरून आपोआप शिकतं. पण टिळकवाडीतल्या घरात तसं होत नाही. तारा स्वयंपाकघरात घुसून भाकरीच्या टोपलीत तोंड घालायची, आणि सासूबाई ओरडत भाकरीचा तुकडा टाकायच्या, "घे आणि जा बाहेर." काकांनी त्यांना काही शिकवायचा आव आणला नाही, फक्त म्हणाले, आजी, भाकरी द्यायचीच आहे ना, मग उंबऱ्याच्या बाहेर बसली तर द्या, आत आली तर पाठ फिरवून भाकरी थापत राहा, ओरडू नका. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. सकाळी त्या परातीत ज्वारीचं पीठ मळत असतात, तारा उंबऱ्यावर पुढचे पाय टाकते, त्यांचा हात थांबतो, बोलत काही नाहीत, पिठाने भरलेला तळवा समोर धरतात, तारा पाय मागे घेते आणि बसते, मग पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत वाट बघायची. पहिल्या भाकरीचा कडेचा पापुद्रा तिचा, जरा गार करून. आज घरात ताराचं सगळ्यात पक्कं कुठं बसत असेल तर त्या उंबऱ्यावर, कारण सासूबाईंनी एक दिवस चुकवला नाही, आम्ही बाकीचे कधी कंटाळतो, त्या कंटाळत नाहीत.

खाऊचं सांगायचं राहिलं, आपल्याकडे कौतुकाने कुंदा भरवणारे खूप आहेत, देऊ नका, साखर आणि खवा कुत्र्याच्या पोटाला नको. मनुका आणि द्राक्षं तर विषारी असतात त्यांना, किडनीवर जातं, चॉकलेट आणि कांदा पण नको. उकडलेलं चिकन, अंडं, पनीरचा कण, भाकरी, बास झालं.

आता मारण्याबद्दल. लोक मला समजावतात की कुत्र्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो तसं. ही कल्पना आली कुठून तर १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, एकमेकांना न ओळखणारे लांडगे एकत्र कोंडलेले, ते भांडणारच. पुढे डेव्हिड मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आई बाप आणि त्यांची पोरं, बाकी काही नाही, म्होरक्या कुणाला मारून झालेला नसतो, तो बाप असतो. मेक यांनी स्वतःच आधी तो म्होरक्याचा शब्द वापरलेला, त्यांनीच तो मागे घेतला, पण आपल्याकडे अजून काही ट्रेनर कुत्र्याला उताणं पाडून त्याच्यावर बसतात. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या ट्रेनिंग स्कूलच्या ९२ कुत्र्यांवर अभ्यास झाला, जिथं हिसके आणि ओरडा जास्त तिथल्या कुत्र्यांत क्लासच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की वाढणारं हार्मोन, क्लासनंतर जास्त वाढलेलं होतं. वेल्समध्ये तर शॉक देणाऱ्या कॉलरवर २०१० पासूनच बंदी आहे, आणि आपल्याकडे ते ऑनलाइन कुणीही मागवतं, हे मला बघवत नाही.

मारून कुत्रं गप्प बसतं, हे खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. पण गुरगुरणं ही त्याची सूचना असते, लांब राहा असं सांगतंय ते. ती सूचना दिली की मार बसतो हे एकदा कळलं की ते सूचना देणं बंद करतं, राग किंवा भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस "काही न करता" चावलं म्हणतात. रॉकीच्या बाबतीत मला हीच धास्ती आहे. अजून एक, घरी आल्यावर कुत्रं मान खाली घालून कोपऱ्यात बसलं की आपण म्हणतो याला कळलंय चूक केली ते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केला, कुत्र्याने खरोखर खाऊ चोरला होता की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि निरपराध कुत्र्याला रागावलं तर उलट जास्तच. म्हणजे संध्याकाळी ऑफिसातून येऊन दुपारी फाडलेल्या उशीबद्दल मारलं तर कुत्रं काय शिकणार? की तुम्ही घरी आलात की मार पडतो.

पिल्लू आणणार असाल तर ट्रेनिंग आठ महिन्यांनी लावू असं थांबू नका. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जे बघेल ते स्वीकारतं, माणसं, आवाज, रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, पाऊस, सगळं. नेमकं त्याच वेळी डॉक्टर सांगतात लसी पूर्ण झाल्याशिवाय खाली सोडू नका, आणि ते बरोबर आहे, पार्वो या रोगाने पिल्लं जातात. आम्ही ताराला हातावर घेऊन फिरायचो, तिचे पाय जमिनीला लागू दिले नाहीत पण शहापूरचं मार्केट, बस स्टँड, शाळा सुटतानाची गर्दी सगळं लांबून दाखवलं. आपल्याकडे शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघते, रात्रभर ढोल, डीजे, तिच्या पहिल्या वर्षी आम्ही महिनाभर आधीपासून मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून तिला जेवायला द्यायचो, रोज थोडा मोठा. मिरवणुकीच्या रात्री ती आतल्या खोलीत होती, कान टवकारून पडून राहिली, पण थरथरली नाही, पाणी पिली.

बोलावलं की येणं, याला रेकॉल म्हणतात, मुधोळवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर द्या. खानापूर तालुक्यात जांबोटीकडे आमच्या ओळखीच्यांची शेती आहे, त्यांच्याकडे पण मुधोळ आहे, त्यांनी कौतुकाने मोकळं सोडलं आणि ते सशाच्या मागे गेलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलं, पायात काटे, कान फाटलेला. तो सगळा जंगलाचा भाग, पलीकडे भीमगड अभयारण्य, बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि कुत्र्याने ससा मारला तर ती वन्यजीव कायद्याने शिकार होते, हे पण लोकांना माहीत नसतं. फौजीकाका अजून ताराला उघड्या माळावर मोकळं सोडू देत नाहीत, दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्याला, बांधून लांब जाऊ द्यायचं, ती आपल्या नादात असताना एकदाच हाक मारायची, आली तर वाटीतला सगळ्यात चांगला तुकडा, आणि लगेच परत खेळायला सोडायचं. हे परत सोडणं फार महत्त्वाचं. आपण काय करतो, घरी जायची वेळ झाली की हाक मारतो, आली की दोरी लावतो, मजा संपली. मग ती का येईल?

ट्रेनर कसा निवडायचा हे विचारतात त्यांना सांगते, आपल्याकडे कुत्र्याचा ट्रेनर व्हायला काही लायसन लागत नाही, कुणीही बोर्ड लावू शकतं, त्यामुळे बोर्डावर जाऊ नका. आधी कुत्रं न नेता त्याचा एक क्लास बघायला मागा. नाही म्हणाला तर तिथूनच परत या. बघायला मिळालं तर ट्रेनरकडे कमी आणि तिथल्या कुत्र्यांकडे जास्त बघा, शेपटी कुठं आहे, ट्रेनर जवळ आला की कुत्रं पुढे येतंय की मागे सरकतंय, झोप आलेली नसताना जांभया देतंय का, ओठ चाटतंय का, ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. मग सरळ विचारा, कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? आमच्या काकांचं उत्तर होतं, "मग मी जास्त अवघड मागितलं असणार, सोपं करून परत मागतो." दुसऱ्या एकाला माझ्या जावेने विचारलेलं, तो म्हणाला बघतो मी त्याच्याकडे, तुम्ही काळजी करू नका. काळजी करायचीच वेळ ती. आणि जो पंधरा दिवसांत गॅरंटी देतो त्याच्यापासून लांब राहा, जनावराची गॅरंटी कुणी देत नाही. एक गोष्ट मात्र ट्रेनरच्या आधी डॉक्टरची आहे, चांगलं वागणारं कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागलं, अंगाला हात लावू देईना, तर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, कान दुखत असतो, दात, कंबर, आणि आपण त्याला हट्टी म्हणत बसतो.

पैशाचं म्हणाल तर ठेवून घेणाऱ्यांपेक्षा घरी येणारा स्वस्तच पडतो, फक्त वेळ आपला जातो. पण तो वेळ म्हणजे काही तास नव्हे, पाच पाच मिनिटं, दिवसातून दोन तीनदा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं. जास्त वेळ केलं तर कुत्रंच कंटाळतं. निपाणीच्या भावाला मी हेच सांगितलं आणि काका आता महिन्यातून एकदा तिकडे पण जातात, रॉकीच्या अंगावर हार्नेस आलाय, वहिनीच त्याला फिरवते. हात वर केला की अजून दबकतो, पण जमिनीला चिकटत नाही, आणि परवा भाच्याने फोन करून सांगितलं की त्याने टॉवेल काढला आणि रॉकी बघत बसून राहिला.

ताराचं सध्या मांजराचं काम चाललंय. समोरच्या कंपाउंडवर एक पिवळं मांजर बसतं, ते हललं नाही तर रस्त्याच्या अलीकडून बघून ती माझ्याकडे वळते, हललं की अजून सुटायला बघते. काका म्हणाले अजून दहा पावलं मागे घ्या, तिथून सुरू करा. मांजर रोज साडेसहाला येतं, तेव्हा आम्ही पण साडेसहाला वाटी घेऊन खाली असतो.